टकटक होईपर्यंत

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय मौनीबाबा,

रागावू नकोस. लहानपणापासून तुला याच नावाने हाक मारत आले आणि तू मठात जाऊन ते नाव खरं करून दाखवलंस. आता सवय मोडायची म्हटलं तरी मोडणार नाही.

तुझं पत्र मिळालं. जेमतेम चार ओळी, त्यातली एक तब्येतीची. 'ताई, रोज सकाळी थोडा वेळ शांत बस. काही मागू नकोस. देव बोलत असतो, आपणच ऐकत नाही.' वाचून मी पाकीट उलटं करून झटकलं. म्हटलं, अजून एखादा कागद आत अडकला असेल, ज्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर असेल. नव्हता.

तर प्रश्न पुन्हा लिहिते. पप्पांना झटका आला, वाचा गेली, उजवं अंग गेलं. हे तुला कळवलं होतं. दवाखान्यात होते तोवर नाकातल्या नळीने पोटात अन्न जात होतं. घरी आणल्यापासून नळी काढली आहे आणि तेव्हापासून ते जेवत नाहीत. चहा घेतात. गोळ्या घेतात, तोंड वाकडं करून का होईना पण घेतात. मात्र दुपारी आणि संध्याकाळी मी सूपाचा वाडगा घेऊन गेले, चमचा पुढे केला, की ओठ घट्ट मिटतात आणि डोळेही मिटतात. 'पप्पा, एक घास घ्या ना' म्हणून मी विनवते. ते डोळेसुद्धा उघडत नाहीत. शेवटी वाडगा उचलून मी स्वयंपाकघरात येते, तर मागून पलंगाचा लोखंडी कठडा बडवायला सुरुवात. परत जावं, विचारावं काय हवंय, तर नुसते माझ्या हातांकडे बघतात. पाणी देते, नको. लघवीचं भांडं देते, तर असे बघतात, की जणू मीच काहीतरी घाण बोलले. मी ओरडते. हो, ओरडते. मग ते तोंड भिंतीकडे करतात.

डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर पोटातून कायमची नळी घालावी लागेल. तसं झालं तर दिवसभर जाणतं माणूस जवळ हवं, आणि मी दिवसभर दुकानात असते. समोरच्या काकू दुपारी येऊन बसतात, पण त्यांच्याच गुडघ्यांना उठायला वेळ लागतो. म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला एक शुश्रूषागृह आहे, तिथे एक खाट रिकामी आहे. ती ते वीस तारखेपर्यंत धरून ठेवतील. दोन्ही मुलांची संमती हवी म्हणतात.

पप्पांना तिथे ठेवायचं की नाही? एवढंच विचारलं होतं रे. 'हो' नाहीतर 'नाही'. दोन्ही शब्द लहान आहेत, तुमच्या मौनाला फारसा धक्का लागणार नाही.

तुझी
ताई

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय मौनीबाबा,

तुझ्या म्हणण्याप्रमाणे करून पाहिलं. नाहीतर तू म्हणशील, ताईने प्रयत्नच केला नाही.

रोज सकाळी पप्पांचं अंग पुसून झालं, की स्वयंपाकघराचं दार लोटून स्टुलावर बसते. हात मांडीवर, डोळे मिटलेले, अगदी तू लिहिलंस तसं. आता काय काय ऐकू येतं ते सांगते. फ्रिज घरघरतो. मग वरच्या मजल्यावरचा माणूस खुर्ची ओढतो. तो सकाळी उठून खुर्ची ओढण्याखेरीज दुसरं काही करत असेल असं वाटत नाही. नळ ठिबकतो. मग माझं स्वतःचं डोकं सुरू होतं: चादरी भिजवायच्या राहिल्या, काल दुकानात त्या बाईंच्या चष्म्याचा स्क्रू सापडला नाही, पप्पांच्या पाठीवर लाल चट्टा दिसला. यातला देव कुठला ते तू मला ओळखून दाखव. मला तर फ्रिजचाच आवाज सगळ्यांत ठाम वाटला.

आणि शांत बसणं मला नवीन आहे असं समजू नकोस. आपण एकाच टेबलाशी वाढलो. पप्पा दिवसभर सूतगिरणीत यंत्रांच्या गोंगाटात काढून घरी यायचे, जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणायचे आणि मग ती शांतता सुरू व्हायची. त्यांनी खूण करेपर्यंत कुणी घास उचलायचा नाही, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. 'दिवसभर मशिनं बोलली, आता तुम्ही बोलाल. ज्याने दिलंय त्याला मध्ये दोन शब्द बोलू द्या की!' असं म्हणायचे. सूप थंड होऊन वर साय धरायची. तू खरंच डोळे मिटून बसायचास, ढोंगी कुठला, आणि मी टेबलाखालून तुझ्या पायावर पाय मारायचे. मला वाटतं, तुझा मठ तिथूनच सुरू झाला. माझं मात्र तिथेच संपलं. आता तर मी रात्रीचं जेवण ओट्याशी उभ्यानेच उरकते. पप्पाही आजारी पडण्याआधी त्यांच्या वेळेला एकटे जेवून घ्यायचे. मी दुकानातून येईपर्यंत त्यांचं ताट धुऊन पालथं घातलेलं असायचं.

बुधवारी गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या. भल्या आहेत, पण बोलतात बालवाडीत बोलतात तसं. त्यांनी पप्पांना पाण्याचा घोट दिला, मग दही, मग कुस्करलेलं केळं. प्रत्येक वेळी गळ्यावर बोट ठेवून पाहिलं. पप्पांनी सगळं गिळलं! मी तोंडात मारल्यासारखी उभी. बाई म्हणाल्या, "यांना गिळता येतंय की हो. गळ्याचा काही दोष नाही."

"मग माझ्या हातून का खात नाहीत?"

बाईंनी पिशवी आवरली, मला दाराबाहेर घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कधी कधी माणूस मनातून सोडून देतं. तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका."

कसं लावून घेऊ नको? परक्या बाईच्या हातून केळं खातात आणि मी केलेलं सूप समोर आलं की मेल्यासारखे डोळे मिटतात.

आज चर्चमध्ये मिस्सेनंतर फादरना गाठलं. फादर म्हणाले, "देवाच्या इच्छेला शरण जा." मी म्हटलं, "जाते की फादर, पण ती इच्छा काय आहे तेवढं कळू द्या, म्हणजे कुठल्या दिशेने जायचं ते समजेल." ते हसले. मी हसवायला बोलले नव्हते.

तुझं उत्तर अजून नाही.

ताई

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मौनीबाबा,

आज दुकानात मी एका गृहस्थांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. इतकी वर्षं काचा घासतेय, अशी चूक पहिल्यांदाच झाली. ते रस्त्यापर्यंत गेले आणि भिंतीला धरून धरून परत आले. "बाई, मला पायऱ्या हलताना दिसतायत," म्हणाले. मालकीणबाई मला काही बोलल्या नाहीत. मागच्या खोलीत येऊन त्यांनी घासायच्या चाकावरची पाण्याची धार स्वतः बंद केली आणि म्हणाल्या, "आज घरी जा तू." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

लवकर घरी आले तर काकू पप्पांच्या उशाशी डुलक्या काढत होत्या. दुपारचा वाडगा तसाच, भरलेला. काकू दचकून उठल्या आणि म्हणाल्या, "अगं, मी दोनदा चमचा लावून पाहिला तोंडाला. नाही म्हणजे नाहीच. आणि मी वाडगा झाकून ठेवला, की हे लागले ठोकायला. काय बाई हट्टी माणूस!"

पप्पांचं मनगट आता माझ्या दोन बोटांत मावतं. लग्नाची अंगठी सैल झाली होती, तिला मी दोरा गुंडाळून दिला.

मी ठरवलं आहे. सोमवारी शुश्रूषागृहाला फोन करून 'हो' सांगणार. तुझी संमती नसली तर नसो, भाऊ मठात असतो आणि उत्तर देत नाही असं सांगेन. माझ्या हातून जेवायचं नाही असं त्यांनी ठरवलंच असेल, तर दुसऱ्या कुणाच्या तरी हातून जेवू देत. आई गेल्यावर तिच्या कबरीवरची फुलं वाळायच्या आत तू सामान बांधलंस. देवाने बोलावलं म्हणालास. तेव्हा मी तुला काही म्हटलं नाही, पण आता म्हणते. तुला बोलावणारा देव इथे कधी फिरकत नाही का? माझ्याशी तो अबोला धरून बसलाय, पप्पांची वाचा त्याने नेली आणि तुला बोलायची परवानगी लागते. या घरात मी एकटीच बडबडतेय, आणि बडबडून बडबडून माझा घसा बसलाय.

आता सकाळी स्टुलावर बसत नाही. तो वेळ झोपून काढते.

रविवार, १६ फेब्रुवारी

प्रिय मौनीबाबा,

हे पत्र नीट वाच. शुक्रवारचं तुला आधी मिळेल की हे, मला माहीत नाही. शुक्रवारचं आधी मिळालं तर त्यातलं फोनचं खोडून टाक. बाकीचं तसंच राहू दे, ते खरं आहे.

आज मी मिस्सेला गेले नाही. पप्पांच्या कपड्यांची बॅग भरायला काढली होती. दुपारी सवयीने सूप केलं, बटाटा कुस्करला आणि वाडगा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. बॅग तिथेच उघडी पडली होती. पप्पांनी बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी वाडगा तिपाईवर ठेवला आणि खुर्चीत बसले. चमचा उचललाच नाही. यात श्रद्धा वगैरे काही शोधू नकोस, मला कंटाळा आला होता. हातच उठेना.

मी म्हटलं, "नाही ना जेवायचं? नका जेवू. मीही इथेच बसते. बघू कोण जास्त हट्टी आहे ते." आणि हाताची घडी घालून बसले.

पप्पांनी डोळे मिटले.

मी रागाने बसून होते, हे लक्षात ठेव. मनात त्यांना बोलत होते, तुला बोलत होते, तुझ्या देवालाही सोडलं नाही. मग बोलायचं संपलं. स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरत होता, तो एक गचका देऊन बंद पडला, आणि फ्रिज बंद झाल्यावर कळलं की तो किती वेळ कान खात होता. वरच्या माणसाची खुर्ची गप्प होती. पप्पांचा श्वास ऐकू येत होता, थोडा खरखरल्यासारखा, पण सावकाश. माझाही येत होता. खूप वेळ झाला असेल. सूपावर साय धरली.

आणि पप्पांचा डावा हात चादरीवरून सरकत कठड्याशी गेला. अंगठी कठड्याला लागली. टक, टक. दोनदाच. बडवणं नव्हतं ते.

"आता काय हवंय?" माझ्या तोंडून सवयीने गेलंच.

पप्पांनी डोळे उघडले, वाडग्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

मी चमचा भरला. त्यांनी घेतला. दुसरा घेतला. वाडगा रिकामा झाला, तर पुन्हा माझ्या हातांकडे बघायला लागले. मी धावत जाऊन उरलेलं आणलं, गरमसुद्धा केलं नाही. तेही संपवलं. हनुवटीवरून ओघळ आला तो मी पुसत होते आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. म्हटलं, बॅग पाहून घाबरले असतील.

कळलं ते मोरीत वाडगा विसळताना. पाण्याच्या धारेखाली अंगठी वाडग्याला लागली, माझ्या बोटातली, आईची जुनी, आणि माझा हात तिथेच थांबला. जेवणाचं टेबल. पप्पांची खूण. अंगठी टेबलावर दोनदा वाजायची आणि आपण दोघं जेवणावर तुटून पडायचो!

अरे, ते जेवायला नाही म्हणतच नव्हते. मी वाडगा घेऊन यायचे आणि ते त्यांची शांतता धरायचे, जशी आयुष्यभर धरली तशी. चहाला नाही, गोळ्यांना नाही, बाईंच्या केळ्याला नाही, कारण ते जेवण नव्हतं. जेवण समोर आलं की ओठ मिटायचे, डोळे मिटायचे. आता सगळंच सावकाश झालंय, त्यामुळे वेळही जास्त लागत असेल. आणि मी त्यांच्या प्रार्थनेत चमचा खुपसत होते. त्यांचं संपून ते टकटक करायचे, तोवर मी वाडगा घेऊन निघून गेलेली असायचे. मग ते पुन्हा ठोकायचे, जोरात ठोकायचे, आणि मी लघवीचं भांडं घेऊन हजर! भुकेल्या माणसाने जेवण मागितलं आणि मुलीने ते भांडं पुढे केलं. मी मोरीशी बसून किती हसले आणि मग किती रडले, सांगू नये.

संध्याकाळी खात्री करून घेतली. वाईट वाटलं, पण घेतली. सरळ चमचा पुढे केला. ओठ घट्ट. चमचा खाली ठेवला आणि गप्प बसले. टक, टक. जेवले.

बॅग रिकामी केली. उद्या फोन करून ती खाट दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगणार आहे.

आता तू हे वाचून मान डोलावशील आणि 'बघ ताई, देव बोलला' असं लिहिशील. खबरदार लिहिलंस तर! मला देव ऐकू आला की नाही मला माहीत नाही. अंगठी ऐकू आली. आणि तो देव असेल, तर त्याला माझा निरोप दे, की एवढ्या हळू बोलू नकोस, इथे एक म्हातारा माणूस उपाशीपोटी हाडांचा सापळा झाला. त्याला जरा आवाज चढवता आला नसता? तुझ्यावर तर मी जास्तच चिडले आहे. कारण तू इथे असतास, तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतंस. त्या टेबलाशी खरंखुरं गप्प बसणारा तू होतास. मी चोरून सूपाकडे बघत असायचे. जी शांतता शोधायला तू एवढ्या लांब गेलास, ती इथे दिवसातून दोनदा पलंगावर पडून होती, आणि तिला ओळखणारं माणूस घरात नव्हतं.

हे मी तुला टोचायला लिहिलंय. टोचू दे.

ताई

सोमवार, २४ फेब्रुवारी

प्रिय मौनीबाबा,

तुझी दोन्ही पत्रं एकदम आली. पहिल्यात 'हो' असं लिहिलं आहेस, पप्पांना ठेवण्याला तुझी हरकत नाही म्हणून. बरं झालं ते उशिरा आलं. दुसऱ्यात देव बोलला असं लिहिलं नाहीस, त्याबद्दल आभार. 'मी येतो' एवढंच लिहिलंस. दोन शब्द, पण या वेळी पाकीट झटकून पाहावंसं वाटलं नाही.

पप्पांच्या गालावर जरा मांस आलंय. समोरच्या काकूंना सगळं समजावलं, तर त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. आता त्या दुपारी वाडगा घेऊन बसतात आणि पप्पांच्या आधी स्वतःच झोपी जातात. टकटक झाली की जाग्या होतात. संध्याकाळी मी माझंही ताट त्यांच्या खोलीत नेते. ओट्याशी उभ्याने जेवणं बंद. त्या शांततेत मला अजून बहुतेक वेळा फ्रिजच ऐकू येतो, हे प्रामाणिकपणे सांगते. परवा मात्र एकदा असं झालं, की अंगठी वाजली आणि मला वाटलं, इतक्या लवकर? मला घाई नव्हती. एवढंच. मला घाई नाही असं शेवटचं कधी झालं होतं, आठवत नाही. याला तुमच्याकडे काही नाव असेल तर तू आल्यावर सांग, पत्रात नको.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी ये, आणि संध्याकाळच्या जेवणाच्या वेळेला ये. बेल वाजवू नकोस, दार नुसतं लोटून ठेवते. तुझी खुर्ची पलंगाच्या डाव्या अंगाला मांडलेली असेल. आल्या आल्या रडायला, क्षमा मागायला किंवा मला आशीर्वाद द्यायला लागू नकोस. मलाही तुला खूप काही ऐकवायचं आहे. आईच्या वेळेपासूनचं साठलंय, पण तेही थांबेल. ताटं वाढलेली असतील. तू बस. आणि या वेळी डोळे मिटू नकोस, माझ्यासारखा चोरून बघ. पप्पांचा हात चादरीवरून कसा निघतो, मध्ये दमून थांबतो आणि पुन्हा कठड्याकडे जातो, ते तू बघायलाच हवंस. तुला वाटेल मदत करावी. करू नकोस.

टकटक झाली की आधी त्यांना जेवू घालू. मग आपण भांडू.

तुझी
ताई